अंगाला अंग चालतं, नजरेला नजर नाही

संध्याकाळी चर्चगेटहून विरारकडे निघालेल्या लोकलमध्ये ऐन गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. रेल्वेच्या भाषेत या अवस्थेला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं भारदस्त नाव आहे. एक चौरस मीटर म्हणजे कॅरमच्या बोर्डापेक्षा जराशीच मोठी जागा. तेवढ्यात पंधरा जण, म्हणजे एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत आणि तिसऱ्याचा श्वास चौथ्याच्या मानेवर. तरी उतरायच्या वेळची ढकलाढकली सोडली तर डब्यात शांतता असते. कुणी मोबाइलवर मालिका बघतं, कुणी उभ्या उभ्या डुलकी काढतं, कोपऱ्यात भजन चाललेलं असतं. आता यातलाच एक प्रवासी बोरिवलीला उतरतो आणि रिक्षात बसतो. रिक्षा सिग्नलला थांबते आणि बाहेरून एक हात पुढे येतो. तो हात त्याच्या अंगाला लागत नाही, चांगला दोन फूट लांब असतो. तरी हा माणूस आक्रसतो. मोबाइल बाहेर काढतो, किंवा सिग्नलच्या लाल दिव्याकडे असा टक लावून पाहतो, की तो हिरवा होणं जणू त्याच्या पाहण्यावरच अवलंबून आहे.

पंधरा परक्या माणसांचा घाम ज्याला चालतो, त्याला एका परक्या माणसाची नजर का चालत नाही? याची दोन तयार उत्तरं आपल्याकडे कायम असतात. एक म्हणजे शहरात राहून माणसं निबर होतात. दुसरं, भिकाऱ्यांच्या टोळ्या असतात हे त्याला माहीत असतं, म्हणून तो देत नाही. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण दोन्ही उत्तरं या आक्रसण्याचं कारण सांगत नाहीत. ज्याला खरोखर काहीच वाटत नाही, त्याला नजर चुकवायची गरज पडत नाही. तो खुशाल बघत बसतो. नजर चुकवतो तो, ज्याला ठाऊक असतं की नजर मिळाली तर काहीतरी वाटणार आहे, आणि ते वाटलं की पुढे काय करायचं याची वाट मात्र त्याच्यापाशी नाही. ही वाट कुठे हरवली, हे शोधायचं तर आधी माणसाच्या अंगाभोवतीच्या अदृश्य कुंपणापासून सुरुवात करावी लागेल.

अंगाभोवतीचं कुंपण

अंगणात दाणे टिपणारी चिमणी आपल्याला ठरावीक अंतरापर्यंत येऊ देते. आणखी एक पाऊल टाकलं की भुर्रकन उडते. हाइनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञांनी प्राण्यांची अशी अंतरं अभ्यासली होती. तोच धागा धरून एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांनी माणसाकडे पाहिलं आणि १९६६ साली ‘द हिडन डायमेन्शन’ हे पुस्तक लिहिलं. माणूसही आपल्याभोवती वर्तुळं बाळगतो आणि कोणत्या वर्तुळात कोणाला येऊ द्यायचं हे न बोलता ठरवतो, असं त्यांचं म्हणणं.

> चौकट: हॉल यांची चार अंतरं
>
> सलगीचं अंतर: अंगाला अंग लागण्यापासून सुमारे ४५ सेंटिमीटरपर्यंत. तान्हं मूल, जोडीदार, किंवा कानात गुपित सांगणारी मैत्रीण.
>
> खासगी अंतर: ४५ सेंटिमीटर ते १.२ मीटर. कट्ट्यावरच्या मित्रांचं अंतर. हात लांब केला तर खांद्यावर पोचतो.
>
> व्यवहाराचं अंतर: १.२ ते साधारण ३.६ मीटर. बँकेतली खिडकी, दुकानाचा गल्ला, साहेबांचं टेबल.
>
> जाहीर अंतर: त्यापलीकडचं. कीर्तनकार आणि श्रोते.

हे आकडे हॉल यांनी अमेरिकेतल्या मध्यमवर्गीयांना पाहून मांडले. ते साऱ्या जगाला लागू पडत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं. पुढे २०१७ साली ४२ देशांतल्या सुमारे नऊ हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अर्जेंटिनातली माणसं परक्याला बरीच जवळ येऊ देताना दिसली आणि रुमानियातली बरीच लांब ठेवताना. वर्तुळं लहानमोठी होतात, पण नाहीशी होत नाहीत. त्यांचा एक धागा मेंदूत, बदामाएवढ्या आकाराच्या अमिग्डाला नावाच्या भागात आहे. धोक्याची घंटा वाजवण्याशी या भागाचा संबंध आहे. अमेरिकेतल्या एका स्त्रीच्या मेंदूतला हा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झाला होता. कुणी किती जवळ उभं राहिलं तर चालेल, असं संशोधकांनी तिला विचारलं. इतरांना सरासरी पाऊण मीटर अंतर हवं होतं, तिला त्याच्या निम्म्याहून कमी पुरलं. नाकाला नाक लागेल इतक्या जवळ परका माणूस आला, तरी तिला अवघडल्यासारखं होत नव्हतं.

आता हा हिशेब आपल्या प्रवाशाला लावून पाहू. लोकलमधली पंधरा माणसं त्याच्या सलगीच्या वर्तुळात घुसलेली आहेत, जिथे घरच्यांनाच मुभा असते. सिग्नलवरचा हात त्याच्या बाहेरच्या वर्तुळात आहे. नुसती टेपपट्टी धरली तर लोकलमध्ये त्याचा जीव गुदमरायला हवा आणि रिक्षात तो निवांत असायला हवा. घडतं उलटंच. म्हणजे हे कुंपण फुटाइंचात मोजून संपत नाही.

डब्यातला अलिखित करार

गर्दीत माणसं एक युक्ती करतात. रॉबर्ट सोमर या मानसशास्त्रज्ञांनी १९६९ सालच्या आपल्या पुस्तकात ती नोंदवली आहे: जवळच्या माणसाला माणूस समजायचंच नाही, वस्तू समजायचं. डब्यातला शेजारी हा त्या वेळेपुरता खांब असतो. खांबाला अंग लागलं म्हणून कुणी शरमत नाही. ही युक्ती चालते, कारण ती दोन्हीकडून पाळली जाते. मी तुला खांब समजतो, तू मला समज. आवाज नाही, ओळख नाही, आणि मुख्य म्हणजे नजर नाही. लिफ्टमध्ये शिरल्यावर सगळे आकड्यांच्या पट्टीकडे तोंड करून उभे राहतात, ते याच करारामुळे. नाहीतर तिसऱ्या मजल्यावरून चौथा येतो, यात बघण्यासारखं काय आहे?

समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी हा करार १९०३ सालीच ओळखला होता. त्यांच्या डोळ्यांसमोर १९ लाखांच्या आसपास वस्तीचं बर्लिन होतं. ट्राम आल्या होत्या, आणि माणसं आयुष्यात पहिल्यांदाच अर्धा अर्धा तास परक्यांसमोर काही न बोलता बसून राहत होती. खेड्यात जितक्या मोकळेपणानं माणूस भेटणाऱ्या प्रत्येकाला प्रतिसाद देतो, तितका शहरात देऊ लागला तर त्याच्या नसा झिजून जातील; म्हणून तो अलिप्तपणाचं कातडं पांघरतो, हे त्यांचं निदान. पुढे १९७० साली मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्राम यांनी त्याला आकड्यांची जोड दिली. ऑफिसपासून दहा मिनिटांच्या परिघात न्यूयॉर्कच्या उपनगरातल्या माणसाला सुमारे ११,००० माणसं भेटू शकतात, तर ऐन मॅनहॅटनमधल्याला २,२०,०००. एवढ्या जणांना रामराम करायचं म्हटलं, तर दिवस तिथेच संपेल.

पण अलिप्तपणा आणि उद्धटपणा यांत फरक आहे, आणि तो समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली फार बारकाईनं दाखवला. रस्त्यात समोरून माणूस येतो. आपण त्याच्याकडे क्षणभर पाहतो, म्हणजे ‘तू आहेस, दिसलास’ एवढी पोच देतो, आणि जवळ येताच नजर उतरवतो, म्हणजे ‘तुझ्यात मला विशेष रस नाही, भीतीही नाही’ हे सांगतो. गॉफमन यांनी याला गाडीचे दिवे मंद करण्याची उपमा दिली. आपल्याकडे रात्री घाटात समोरून गाडी आली की ड्रायव्हर डिपर देतो, तसंच हे. मराठीत याला सभ्य कानाडोळा म्हणता येईल. यात दोन पावलं आहेत, आधी पोच आणि मग माघार. पहिलं पाऊल गाळलं, तर माणूस समोरच्याकडे न पाहता त्याच्या आरपार पाहतो. सभ्यता तिथे संपते. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

कराराला अपवादही असतात आणि तेही नियमानं चालतात. मुंबईच्या लोकलमधली चौथी सीट हा त्याचा उत्तम नमुना. बाक तीन जणांचा. चौथा येतो, बोटांनी सरकण्याची खूण करतो, आणि तिघे कुरकुर न करता चार इंच आत सरकतात. चौथ्याची एकच बाजू टेकते, उरलेला तो मोकळ्या वाटेत अधांतरी. ही उघड उघड मागणी आहे, तीही परक्याच्या शरीराजवळची जागा मागणारी. तरी ती कुणाला टोचत नाही, कारण किती द्यायचं ते ठरलेलं आहे, किती वेळ ते ठरलेलं आहे, मागायची खूण ठरलेली आहे, आणि उद्या आपणही चौथे असू शकतो हे प्रत्येकाला माहीत आहे.

मागणारा काय मोडतो

सिग्नलवरचा माणूस नेमका हाच करार मोडतो. तो खांब व्हायला नकार देतो. ‘ओ साहेब’ म्हणतो, डोळ्यांत पाहतो, आणि ज्या क्षणी आपण त्याच्याकडे पाहतो त्या क्षणी आपण साक्षीदार होतो. आता देणं आणि न देणं, दोन्ही आपली कृती ठरते. पाहिलंच नसतं, तर न देणं ही कृती झाली नसती. मोबाइल बाहेर येतो तो इथे: निर्णय घ्यावा लागण्याच्या अर्धा क्षण आधी.

हा तर्क कुणाला ओढूनताणून आणलेला वाटेल, म्हणून एक प्रयोग पाहू. अमेरिकेत नाताळच्या दिवसांत साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेचे स्वयंसेवक दुकानांच्या दारात लाल पातेलं टांगून घंटी वाजवत उभे राहतात. अर्थशास्त्रज्ञ जेम्स अँड्रिओनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनजवळच्या एका सुपरमार्केटमध्ये अशी सोय केली, की कधी एका दारात स्वयंसेवक असेल, कधी दोन्ही दारांत. कधी तो नुसती घंटी वाजवेल, कधी तोंडानं मागेल. नुसत्या घंटीनं फार काही घडलं नाही. पण तोंडी विनंती सुरू होताच देणाऱ्यांची संख्या निम्म्याहून अधिक वाढली आणि जमलेली रक्कम सुमारे ६९ टक्क्यांनी. आणि त्याच विनंतीमुळे, दुसरं दार मोकळं असलं तर, जवळपास एक तृतीयांश माणसं वळसा घालून त्या दारानं गेली. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी, २०१२ सालच्या एका अभ्यासात, शिकागोच्या आसपास दारोदार वर्गणी मागणाऱ्यांनी आदल्या दिवशी दारावर चिठ्ठी लावली होती की उद्या अमुक वेळी येऊ. नुसत्या चिठ्ठीनं दार उघडणाऱ्यांचं प्रमाण ९ ते २५ टक्क्यांनी घसरलं. आपल्याकडे मंडळाची वर्गणी मागणारी पोरं जिन्यात दिसली की कोणकोणत्या घरांतला टीव्ही अचानक बंद होतो, हे सांगायला शिकागोला जायची गरज नाही.

या दोन प्रयोगांचा अर्थ मला असा लागतो. मागितल्यावर देणारी आणि मागणं टाळणारी ही दोन वेगळ्या जातकुळीची माणसं असतीलच असं नाही. विनंतीत ओढ आहे, आणि त्याच ओढीची धास्तीही आहे. दगडाला वळसा घालावा लागत नाही. थंडीत, हातात सामानाच्या पिशव्या घेऊन, लांबच्या दारानं जाणारा माणूस पैशापेक्षा एक क्षण वाचवत असतो: डोळ्यांत पाहून ‘नाही’ म्हणण्याचा.

पण शहर निबर नसतं का?

इथे आक्षेप येईल की हा सगळा शहरी माणसाला निर्दोष सोडण्याचा डाव आहे. शहराच्या निबरपणाचं ठरलेलं उदाहरण १९६४ सालचं. न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला आणि ३८ शेजारी नुसते पाहत राहिले, अशी बातमी जगभर गेली. त्यातून लटाने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांचे १९६८ सालचे प्रसिद्ध प्रयोग जन्मले. इंटरकॉमवर कुणाला तरी झटका आल्याचं ऐकू येतं. आपण एकटेच ऐकत आहोत असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के उठून मदतीला गेले, आणखी चौघे ऐकत आहेत असं वाटणाऱ्यांपैकी ३१ टक्केच. गर्दीत जबाबदारी वाटली जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी येते, हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत गेला. पण त्या मूळ बातमीतला बराच भाग फुगवलेला होता, हे नंतर उघड झालं. पोलिसांना कळवणारे होते, आणि एक शेजारीण जिना उतरून त्या मुलीजवळ गेलीही होती.

प्रयोगशाळेबाहेर चित्र वेगळं दिसतं. ॲम्स्टरडॅम, केपटाउन आणि ब्रिटनमधलं लँकेस्टर या तीन शहरांतल्या रस्त्यावरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं. दहापैकी नऊ प्रसंगांत बघ्यांपैकी निदान एक जण तरी मध्ये पडला होता, आणि बघे जितके जास्त तितकी कुणीतरी पुढे येण्याची शक्यता जास्त. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १९६९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तर आपल्या लोकलच्या जवळचा. चालत्या डब्यात एक माणूस कोसळतो. त्याच्या हातात काठी असली, तर ६५ पैकी ६२ वेळा कुणी ना कुणी आपणहून मदतीला आलं. त्याच्या अंगाला दारूचा वास येत असला, तर साधारण निम्म्या वेळा. डबा तोच, गर्दी तीच. फरक एवढाच, की पहिल्या माणसाला काय हवंय हे स्वच्छ दिसतं आणि ते दिल्यावर प्रकरण संपतं. दुसऱ्याच्या बाबतीत पुढे काय वाढून ठेवलंय याचा भरवसा नाही.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हिन यांनी जगातल्या २३ मोठ्या शहरांत छोट्या मदतींची चाचणी घेतली: पडलेलं पेन उचलून देणं, पाय दुखावलेल्या माणसाची खाली सांडलेली मासिकं उचलायला हात देणं, आंधळ्याला रस्ता ओलांडून देणं. रिओ दी जानेरो पहिलं आलं, क्वालालंपूर शेवटचं, न्यूयॉर्क त्याच्या जरासं वर. आणि कोलकाता पहिल्या पाचांत. गर्दीनंच माणूस निबर होत असता, तर कोलकाता तळाशी हवं होतं. (अमेरिकेतल्या ३६ शहरांच्या आधीच्या पाहणीत मात्र दाटीवाटीच्या शहरांत मदत कमी दिसली होती, हेही सांगायला हवं.) या साऱ्या मदती ठरावीक आकाराच्या होत्या. पेन उचललं, दिलं, संपलं.

घाईचाही वाटा मोठा आहे. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतल्या ४० विद्यार्थ्यांवर १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग कुणालाही अंतर्मुख करेल. त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. वाटेत एक माणूस दारापाशी कण्हत पडलेला. निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी मदत केली, उशीर झालेल्यांपैकी १० टक्क्यांनी. काहींच्या भाषणाचा विषयच बायबलमधला परोपकारी शोमरोनी होता, त्यानंही विशेष फरक पडला नाही. ८.१७ ची लोकल पकडणाऱ्याला जिन्यावर बसलेली म्हातारी दिसत नाही, यात तिच्याबद्दलच्या मताचा भाग थोडा आणि घड्याळाचा जास्त.

टोळ्यांचं काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नाक्यावर दिलेला पैसा मागणाऱ्याकडे राहत नाही, मुलांना भीक मागायला लावणारे त्यावर जगतात, म्हणून न देणं हाच विवेक. मुलांच्या बाबतीत हा मुद्दा मी पूर्ण मानतो. लहान मुलाच्या हातात पडलेलं नाणं त्याला त्याच नाक्यावर बांधून ठेवतं. देणगी संस्थेला द्यावी, हेही पटण्यासारखं. पण आपला प्रश्न पैसे द्यावेत का, हा नाही. माणूस आक्रसतो का, हा आहे. साल्व्हेशन आर्मी ही एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली नामांकित संस्था. तिच्या स्वयंसेवकामागे टोळी असल्याचा संशय कुणाला नसतो. तरी एक तृतीयांश गिऱ्हाईकांनी दार बदललं. म्हणजे टोळीचा विचार खरा असला, तरी तो आक्रसल्यानंतर येतो. आधी नजर हटते, मग मन त्या हटण्याला साजेसं कारण शोधतं. विवेकानं ठरवून न देणाऱ्याला मोबाइलमागे लपावं लागत नाही. तो हात जोडून ‘माफ करा’ म्हणतो, आणि विषय दोन सेकंदांत मिटतो.

तिसरी हरकत बायकांच्या बाजूनं येते आणि तिला माझ्यापाशी पूर्ण उत्तर नाही. सभ्य कानाडोळा हा बरोबरीच्या माणसांचा करार आहे. ज्या शरीराकडे टक लावून पाहिलं जातं, त्याच्यासाठी नजर न मिळवणं हे सुरक्षेचं शहाणपण असतं. गर्दीत अंगाला अंग लागणं प्रत्येकाला चालतं, हे विधान पुरुषांच्या डब्यातलं आहे. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट–बोरिवली महिला विशेष लोकल सुरू करावी लागली, ती उगाच नाही. म्हणून एखादी बाई सिग्नलवर काच वर करते, तेव्हा तिची गणितं वेगळी असतात, आणि तिला या लेखातल्या प्रवाशाच्या मापानं मोजू नये.

वासुदेवाला वाट माहीत होती

मागणं आपल्याला नवं नाही. पहाटे मोरपिसांची टोपी घालून, चिपळ्या वाजवत वासुदेव यायचा. त्याच्याही आधी, अंधारात कंदील घेऊन पिंगळा. मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागणारी यायची. गरीब विद्यार्थी पाच घरं माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत आणि शिकत. या सगळ्यांत चौथ्या सीटचे गुण सापडतात. कोण, कधी, कुठवर येणार हे ठाऊक. सूपभर धान्य की पळीभर भात, हेही ठरलेलं. दिल्यावर वासुदेव ‘दान पावलं’ म्हणायचा, म्हणजे पोच मिळायची आणि प्रसंग संपायचा. नकाराचीही भाषा होती. ‘पुढे व्हा’ म्हटलं तरी कुणाचा अपमान होत नसे, कारण पुढे आणखी घरं होती. शहरात अजूनही वावरणारं ‘सुट्टे नाहीत’ हे त्याच भाषेचं शेवटचं पिल्लू. खोटं असलं तरी उपयोगी खोटं. मागणाऱ्याचा मान राखून दार लावणारं. मोबाइलवरून पैसे देण्याच्या काळात तेही लंगडं झालं आहे.

मात्र या जुन्या रीतीसाठी फार उसासे टाकू नयेत. कुणी कुठल्या दारापर्यंत यायचं, कुणाच्या हातात वाढायचं आणि कुणाला वरून टाकायचं, हे त्या रीतीत जात ठरवत होती. हॉल यांच्या वर्तुळांत निदान दोन्हीकडची इच्छा गृहीत आहे; अस्पृश्यतेतलं अंतर एकानं मोजायचं आणि दुसऱ्यानं पाळायचं, असं होतं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्याला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं आगर म्हटलं, ते या अंतराच्या अनुभवातून. लोकलच्या डब्यात शेजारच्या खांबाची जात कळत नाही. शहराच्या अलिप्तपणातच माणसाला मोकळीक मिळते, हे झिमेल यांनी बर्लिनबद्दल म्हटलं होतं; आपल्याकडे त्या मोकळिकीची किंमत कितीतरी जास्त आहे. म्हणून कानाडोळा करू नका, प्रत्येकाशी बोला, हा सल्ला मी देणार नाही. खटकतं ते एवढंच, की सहप्रवाशाला आपण आधी अर्ध्या क्षणाची पोच देतो आणि मग नजर उतरवतो. मागणाऱ्याला पहिलं पाऊल गाळून थेट आरपार पाहतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हेच शहर रस्त्यावर उतरून परक्यांना पाणी, बिस्किटं, चहा देत होतं, घरात झोपायला जागा देत होतं. त्याला पुढे ‘मुंबईचं स्पिरिट’ म्हणून इतकं वापरलं गेलं की शब्द बुळबुळीत झाला. स्पिरिट वगैरे बाजूला ठेवून पाहिलं तर त्या रात्री एरवी नजर अडवणाऱ्या चारही गाठी सुटलेल्या होत्या. गरज उघड होती, मदतीचा शेवट पाऊस ओसरण्याशी बांधलेला होता, कुणाला घाई नव्हती कारण जायला वाटच नव्हती, आणि अंतर ओलांडून देणारा स्वतः पुढे येत होता. कुणाला मागावंच लागलं नाही.

साठ सेकंद

एरवी मागणाऱ्याचं काय करायचं, यावर राज्यानं शोधलेलं उत्तर म्हणजे मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९. पुढे अनेक राज्यांनी तोच उचलला. त्यात भीक मागण्याची व्याख्या बरीच ऐसपैस आहे: गाणं, नाच, भविष्यकथन, कसरत किंवा काही विकण्याच्या निमित्तानं सार्वजनिक जागी दान घेणंही त्यात येतं. उपजीविकेचं साधन दिसत नसताना भटकणंही येतं. शिक्षा पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, नंतर दहा वर्षांपर्यंत. शब्दशः धरलं तर आपण दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठावर छापतो तो वासुदेव त्यात बसतो. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं, भीक मागणं हा गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. जुलै २०२१ मध्ये, करोनाच्या काळात नाक्यांवरून भिकाऱ्यांना हटवा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा न्यायालयानं असा उच्चभ्रू दृष्टिकोन घ्यायला नकार दिला. पोट भरायला दुसरा मार्ग नसतो म्हणून माणसं रस्त्यावर येतात, असं म्हटलं. कायद्यानं हटवण्याचा मार्ग म्हणजे तसं पाहिलं तर बॉस्टनचं दुसरं दारच, फक्त सरकारी खर्चानं बांधलेलं.

मागणाऱ्यानं सिग्नल निवडला, यात त्याची चतुराई आहे. फुटपाथवर माणूस वळसा घालू शकतो. सिग्नलला गाडी अडकलेली असते, दुसरं दार नसतं. पण त्याच जागेनं दोघांनाही एक गोष्ट दिली आहे, जी जुन्या दारांना होती. दिव्याशेजारी लाल आकडे उलटे धावत असतात, साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न. आतला ते बघतो, बाहेरचाही बघतो. किती खिडक्या होतील आणि कोणत्या आकड्याला दुभाजकावर परत चढायचं, हे त्याला पाठ असतं. पाच उरले की तो स्वतःच मागे सरतो. रिक्षातला माणूसही त्याच आकड्यांकडे बघत असतो, आणि एकच घड्याळ पाहत असल्याचं दोघांनाही कळत असतं.